जठरोच्छेदन : छेद आणि जोड

यवतमाळ येथे १९८९ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेव्हा जठर कापून काढण्याच्या शस्त्रक्रियेला शंभरांहून अधिक वर्षे झाली होती. या शस्त्रक्रियेचा इतिहास वस्तुतः कापण्याचा नसून जोडण्याचा आहे. पॅरिसमध्ये पेआँ याने १८७९ साली व पुढील वर्षी पोलंडच्या रिडिगिअर याने जठराचा कर्करोगग्रस्त भाग काढला; दोघांचेही रुग्ण आठवडाभरसुद्धा जगले नाहीत. व्हिएन्नाच्या बिलरोथ याला २९ जानेवारी १८८१ रोजी यश लाभले. त्यामागे त्याच्या सहायकांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग होते. ती रुग्णा शस्त्रक्रियेतून वाचली, पण सुमारे चार महिन्यांनी रोग उलटून मरण पावली. यशाची व्याख्या तेव्हा एवढीच होती.

बिलरोथच्या पहिल्या पद्धतीत उरलेले जठर लहान आतड्याच्या आरंभभागास, म्हणजे आद्यांत्रास, जोडतात. अन्नाचा मार्ग नैसर्गिकच राहतो; परंतु मोठा भाग काढला असता टोके ओढून आणावी लागतात आणि ताणलेली जोड सुटण्याचे भय असते. १८८५ च्या दुसऱ्या पद्धतीत आद्यांत्राचे तोंड शिवून आतड्याचा पुढील वेढा जठरास जोडला गेला. ताण गेला, पण पित्त जठरात येऊ लागले. लोझानच्या रू याची इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी जोडणी पित्तास बरेच खाली आतड्यात सोडते. झुरिक येथे १८९७ साली श्लाटर याने संपूर्ण जठर काढून अन्ननलिका आतड्यास जोडली, तेव्हा ती रुग्णा वर्षाहून अधिक जगली.

जठरव्रणासाठी ही शस्त्रक्रिया दीर्घकाळ सर्रास होत असे. १९७६ पासून आम्लरोधक सिमेटिडीन मिळू लागले, १९८२ मध्ये वॉरेन व मार्शल यांनी व्रणामागील जंतू वेगळा केला, आणि ते कारण जवळजवळ उरले नाही, कर्करोगाचे उरले. जपानमध्ये १९९१ पासून दुर्बिणीच्या साहाय्यानेही जठर काढले जाऊ लागले.

शस्त्रक्रियेच्या इतिहासग्रंथांत रुग्ण घरी गेला की बहुधा प्रकरण संपते. यवतमाळसारख्या कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यात खरी कसोटी तेथूनच सुरू होते. जठर नसलेल्याने दिवसातून सहा वेळा थोडेथोडे खावे लागते. शेतावर भाकरी बांधून नेणाऱ्या मजुरास हे पथ्य सोपे नाही. शिवाय जठराअभावी बी-१२ हे जीवनसत्त्व अन्नातून पुरेसे शोषले जात नाही. शरीरातील साठा काही वर्षे पुरतो. तोवर रुग्ण स्वतःस बरा समजून इंजेक्शन सोडून देतो आणि पंडुरोग व हातापायांची बधिरता मागाहून येते.