साखवाळ ते सेवाग्राम : धर्मानंद कोसंबी यांचा शोध



ज्या मुख्याध्यापकांच्या स्मृत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्या कपाटात धर्मानंद कोसंबी यांचे ‘निवेदन’ असे. वर्गातील कोणी मुलगा देवाधर्माविषयी अडचणीचा प्रश्न विचारू लागला, की ते पुस्तक त्याच्या हाती जाई. आजचा विषय निवडताना मला त्याचीच आठवण झाली. शिवाय ज्या बडोद्यात आपण बसलो आहोत, त्या बडोद्याचा या कथेशी निकटचा संबंध आहे.

९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी एका सारस्वत कुटुंबात धर्मानंदांचा जन्म झाला. शाळा जेमतेम मराठीपुरती. पुढे नारळीच्या बागेची देखरेख. विनायक कोंडदेव ओक यांच्या ‘बालबोध’ मासिकातील बुद्धचरित्र त्यांच्या वाचनात आले आणि त्या माणसाचे मन तेथे जे जडले, ते कायमचे. मुलांसाठी चालविलेल्या एका लहानशा मासिकाने एवढे घडवावे, हे शाळेच्या व्यासपीठावरून सांगताना मला विशेष समाधान वाटते.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुण्यात प्रार्थना समाजाचा सहवास आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. प्रार्थना समाजाची एकेश्वरी उपासना त्यांना त्याज्य वाटली नाही, पण तेथे ते थांबलेही नाहीत. काशीत अन्नछत्रातील जेवणावर राहून त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. बौद्ध धर्म जिवंत सापडेल या आशेने ते नेपाळात गेले; तेथील स्थिती पाहून निराश झाले. मग बोधगया, कलकत्ता आणि १९०२ साली सिंहलद्वीप. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांपाशी श्रामणेर होऊन ते पाली शिकले. त्यानंतर ब्रह्मदेश, भिक्षुदीक्षा, ध्यानाभ्यास.

या भ्रमंतीची एक रीत होती. ज्या धर्माविषयी जिज्ञासा, त्याचे ग्रंथ त्याच्याच भाषेत वाचायचे आणि तो आचरणाऱ्यांच्या पंगतीला बसायचे. ऐकीव माहितीवर त्यांनी कोणताही धर्म स्वीकारला नाही की टाकला नाही. धर्मांतराच्या पुष्कळ कथांमध्ये जुन्या घराविषयी कडवटपणा आढळतो; ‘निवेदना’त तो जवळजवळ नाही.

मात्र एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्यांनी घर सोडले, तेव्हा कन्या माणिक काही महिन्यांची होती. पत्नी बाळाबाईंनी सुमारे सात वर्षे कशी काढली असतील? गौतमाने यशोधरेला सोडले, या दाखल्याने आपण असे प्रश्न मिटवून टाकतो. तरुणपणी मीही तसेच केले. ‘निवेदन’ मी माझ्या आईला वाचून दाखवीत होतो. या ठिकाणी ती म्हणाली, “अरे, पण तिला विचारलं का कुणी?” उत्तर मला तेव्हा देता आले नाही आणि आजही देता येत नाही. धर्मानंदांनी आपले दौर्बल्य झाकले नाही, हे खरे. पण बाळाबाईंचे निवेदन कोणी लिहून घेतले नाही.

१९०६ साली चीवर उतरवून ते संसारात परतले. कलकत्त्यास अधिक मिळकतीचे काम होते. परंतु मिळविलेले ज्ञान मराठी माणसांपर्यंत पोचावे ही तळमळ. तेव्हा श्रीमंत सयाजीराव महाराजांनी त्यांना तीन वर्षे दरमहा ५० रुपये देऊ केले. अट अशी, की महाराष्ट्रात राहावे आणि दरवर्षी बडोदे संस्थानासाठी एक ग्रंथ लिहावा. येथे त्यांनी दिलेली व्याख्याने ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या नावाने १९१० साली प्रसिद्ध झाली. पन्नास रुपयांत मराठीला इतके क्वचितच मिळाले असेल. हार्वर्ड, फर्ग्युसन महाविद्यालय, गुजरात विद्यापीठ, लेनिनग्राड हा पुढील प्रवास आपणांस परिचित आहे; तो विस्ताराने सांगत नाही.

शोधाचे अखेरचे वळण अधिक विचार करण्याजोगे आहे. प्राचीन काळी जैन साधूही मांसाशन करीत, असे त्यांनी ग्रंथांच्या आधारे लिहिले, तेव्हा अनेक जैन बांधव फार क्षुब्ध झाले. धर्मानंदांनी मत मागे घेतले नाही. पण याच काळात पार्श्वनाथांचे चार याम, म्हणजे अहिंसा, सत्य, अस्तेय आणि अपरिग्रह, त्यांना अधिकाधिक जवळचे वाटू लागले. बुद्धाच्या मार्गाचे मूळ त्यांना तेथे दिसले. ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ हा त्यांचा ग्रंथ १९४९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला.

शरीर थकले, आता आपण इतरांवर भार झालो, असे वाटू लागताच त्यांनी आहार सोडण्याचे ठरविले. पहिल्या खेपेस गांधीजींच्या आग्रहावरून त्यांनी उपोषण थांबविले. दुसऱ्या खेपेस ते सेवाग्रामला राहिले आणि जून १९४७ मध्ये तेथेच त्यांनी देह ठेवला. ज्या समाजाचा रोष त्यांनी ओढवून घेतला होता, त्याच समाजाच्या सल्लेखनाव्रताने हा बौद्ध पंडित गेला. गांधीजींनी प्रार्थनासभेत त्यांचे स्मरण केले. हार्वर्डसाठी त्यांनी सिद्ध केलेली ‘विसुद्धिमग्गा’ची रोमन आवृत्ती छापून निघाली, तेव्हा १९५० साल उजाडले होते.