प्रोग्रॅम

प्रोग्रॅम : आखणी आणि संगणन या दोन्ही क्षेत्रांत रूढ असलेला इंग्रजी शब्द. मूळ ग्रीक ‘प्रोग्राम्मा’ म्हणजे लोकांसाठी लिहून लावलेली जाहीर सूचना. इंग्रजीत तो सतराव्या शतकात आला. एकोणिसाव्या शतकात नाटक-मैफलींच्या कार्यक्रमपत्रिकेला आणि आखून ठेवलेल्या कामालाही तो लागू झाला. संगणकाशी त्याची सांगड १९४० च्या दशकात पडली. १९४६ मध्ये जगापुढे आलेल्या अमेरिकेतील एनिॲक या संगणकाला प्रोग्रॅम देणे म्हणजे तारा या खाचेतून त्या खाचेत खोवणे आणि स्विच फिरवणे. हे किचकट काम सहा स्त्रियांनी तडीस नेले. त्यांना श्रेय मात्र कित्येक दशकांनी मिळाले, हा अन्याय नोंदवलाच पाहिजे. अमेरिकी गणिती जॉर्ज डँट्झिग यांच्या १९४७ सालच्या ‘लीनिअर प्रोग्रॅमिंग’मधला, म्हणजे मर्यादित साधनांचे सर्वोत्तम वाटप शोधण्याच्या गणिती पद्धतीतला, प्रोग्रॅम मात्र संगणकाचा नव्हे. अमेरिकी लष्करात प्रशिक्षण आणि रसदीच्या आराखड्याला हा शब्द वापरत, तो तिथून आला. विद्यार्थ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. ब्रिटिश लेखनात कार्यक्रमासाठी फ्रेंच वळणाचे लांब स्पेलिंग, तर संगणकासाठी आखूड. मराठीत संगणकीय अर्थी ‘आज्ञावली’ हा पर्याय आहे, पण बोलताना ‘प्रोग्रॅम’च चालतो.