रुपया-डॉलर व्यवहारातील हजर व वायदा बाजार : तरलतेचा तौलनिक विचार

मुंबईच्या व्यापारी जगास वायदा अपरिचित नव्हता. 1875 मध्ये बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशन स्थापन झाल्यापासून हजर माल व वायदा यांच्या भावांतील अंतर पाहून सौदा करणे हे दलालांचे नित्यकर्मच होते. चलनाचा वायदा मात्र या शहरात फार उशिरा आला. शिकागो येथे 16 मे 1972 रोजी त्यास आरंभ झाला. रुपया-डॉलरचा वायदा राष्ट्रीय शेअर बाजारात 29 ऑगस्ट 2008 रोजी सुरू झाला. तोवर हा व्यवहार बँकांच्या आपसांतील बाजारापुरताच होता.

नव्या बाजाराची उलाढाल झपाट्याने वाढली, आणि तीच त्याच्या तरलतेचा पुरावा मानली गेली. येथे सावधगिरी हवी. प्रारंभीची काही वर्षे प्रतिस्पर्धी बाजारांनी व्यवहारशुल्कच आकारले नाही. हा वाद 2009 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगापर्यंत गेला. फुकट होणाऱ्या सौद्यांच्या संख्येवरून बाजाराची खोली ठरविणे धाडसाचे होय. मोठा सौदा भाव फारसा न हलविता किती लवकर पार पडतो, हीच तरलतेची खरी कसोटी.

या कसोटीचे उत्तर सौदा करणाऱ्यानुसार बदलते. वायद्याचा एक करार 1000 डॉलरचा, आणि भावातील लघुतम अंतर पाव पैशाचे. लहान आयातदारास बँकेच्या खिडकीवर इतका बारीक भाव कधीच मिळाला नसता. उलट, बँकांच्या बाजारात 10 लाख डॉलर हे सौद्याचे नेहमीचे परिमाण. वायद्यात त्यासाठी 1000 करार गोळा करावे लागत, आणि ते गोळा होईतो भाव सरकण्याचा धोका असे.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे वायद्याची तरलता बऱ्याच अंशी उसनी होती. कराराची अखेरची फेड डॉलर देऊन होत नसे. हजर बाजारावरून ठरणाऱ्या संदर्भदराने ती रुपयांत होई. दोन्ही बाजारांचे भाव जुळवून ठेवीत त्या मुख्यतः दोहोंकडे वावरणाऱ्या बँका. रुपयाची घसरण चालू असता 8 जुलै 2013 रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांना वायद्यात स्वतःच्या खात्यावर व्यवहार करण्यास मनाई केली. त्याच वेळी सेबीने अनामत वाढविली. वायद्याची उलाढाल एकदम आटली. रुपयाची घसरण मात्र थांबली नाही. 28 ऑगस्ट रोजी डॉलरचा भाव 68 रुपयांच्या पलीकडे गेला. 2014 मध्ये बँकांवरील निर्बंध सैल झाले.

दुसरा आघात नियमाच्या अर्थावरून झाला. मूळ परकीय चलनजोखीम असल्याखेरीज वायदा करता येत नाही, मर्यादेपर्यंत सवलत होती ती केवळ कागदपत्रे न दाखविण्याची, असे रिझर्व्ह बँकेने 5 जानेवारी 2024 च्या परिपत्रकात स्पष्ट केले. सवलतीचा व्यवहारात झालेला अर्थ निराळा होता. एप्रिलच्या आरंभी दलालांनी ग्राहकांकडून जोखमीची हमी मागताच अनेकांनी घाईने सौदे मिटविले. अंमलबजावणी 3 मेपर्यंत पुढे ढकलली गेली, तरी उलाढाल पूर्वीच्या अल्पांशावर आली. हजर बाजारात त्या एप्रिलमध्ये डॉलर 83 रुपयांच्या आसपासच राहिला.