जपानचा हवामान आराखडा आणि वाहतूक : आकडे वाहनांचे, बळ रुळांचे

टोकियोच्या एदोगावा प्रभागातील निशि-कासाई हा भारतीय कुटुंबांच्या वस्तीसाठी ओळखला जाणारा भाग. तेथून शहराच्या मध्याकडे जाणारा तोझाई भुयारी रेल्वेमार्ग सकाळच्या गर्दीसाठी प्रसिद्ध आहे. महासाथीपूर्वी, २०१९ मध्ये, या मार्गावरील किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात गर्दीचे प्रमाण क्षमतेच्या १९९ टक्के नोंदवले गेले होते. मुंबईच्या लोकलमध्ये वाढलेल्या मराठी माणसाला या आकड्याचे फारसे अप्रूप वाटणार नाही. परंतु त्या गर्दीत उभ्या असलेल्या प्रवाशाच्या नावे कार्बनचा फार थोडा भार पडतो. जपानच्या परिवहन मंत्रालयाच्या २०१९ च्या आकडेवारीनुसार, एका प्रवाशाच्या एका किलोमीटरमागे खासगी मोटारीतून सरासरी १३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. विमानातून ९८, बसमधून ५७ आणि रेल्वेतून केवळ १७ ग्रॅम.

हा फरक जपानच्या राष्ट्रीय हवामान आराखड्यात कितपत उतरला आहे, आणि वाहतुकीविषयीची वचने बळकट करायची तर त्यांत काय असावे लागेल, याचा आढावा येथे घेतला आहे.

आराखडा आणि त्यातील वाहतूक

२०१५ च्या पॅरिस करारानुसार प्रत्येक देशाने आपले उत्सर्जन किती घटवणार हे स्वतः ठरवून दर पाच वर्षांनी संयुक्त राष्ट्रांकडे सादर करायचे असते. या दस्तऐवजाला ‘राष्ट्रनिर्धारित योगदान’ किंवा प्रचलित भाषेत ‘एनडीसी’ म्हणतात. जपानने २०१५ मध्ये दिलेले पहिले वचन २०१३ च्या तुलनेत २०३० पर्यंत २६ टक्के घट करण्याचे होते. ऑक्टोबर २०२० मध्ये पंतप्रधान योशिहिदे सुगा यांनी २०५० पर्यंत कार्बन-तटस्थतेची घोषणा केली. पुढच्या वर्षी हे उद्दिष्ट ४६ टक्क्यांवर नेण्यात आले आणि ५० टक्क्यांसाठी प्रयत्न सुरू ठेवण्याची ग्वाही दिली गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये सादर झालेल्या नव्या वचनानुसार २०३५ पर्यंत ६० टक्के आणि २०४० पर्यंत ७३ टक्के घट अपेक्षित आहे.

या वचनाची अंमलबजावणी ‘जागतिक तापमानवाढ प्रतिबंधक उपाययोजना आराखडा’ या मंत्रिमंडळाने संमत केलेल्या दस्तऐवजातून होते. त्यात प्रत्येक क्षेत्राचा वाटा ठरवलेला आहे. २०१३ मध्ये वाहतूक क्षेत्राचे उत्सर्जन सुमारे २२.४ कोटी टन होते. २०३० पर्यंत ते १४.६ कोटी टनांवर, म्हणजे ३५ टक्क्यांनी खाली आणायचे आहे; २०४० साठीचा पल्ला ४ ते ८ कोटी टनांचा आहे. प्रत्यक्षात २०२२ मध्ये हे उत्सर्जन सुमारे १९.२ कोटी टन होते. नऊ वर्षांत झालेली घट सुमारे १४ टक्के. उरलेला मोठा टप्पा आठ वर्षांत गाठायचा. देशाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडमध्ये वाहतुकीचा वाटा सुमारे १८.५ टक्के आहे आणि त्यातील जवळजवळ ८६ टक्के रस्त्यावरील वाहनांतून येतो.

तंत्रज्ञानावर ठेवलेला भार

आराखड्यातील वाहतुकीच्या उपायांची यादी मोठी आहे, पण त्यांचे वजन सारखे नाही. २०२१ च्या आराखड्यात २०३० पर्यंत वाहनांची इंधनक्षमता वाढवून आणि नव्या पिढीच्या मोटारी आणून सुमारे २.७ कोटी टन बचत गृहीत धरली आहे. सार्वजनिक वाहतुकीचा वापर वाढवून होणारी बचत सुमारे १६ लाख टन आणि सायकलींमुळे होणारी सुमारे ३ लाख टन धरली आहे.

वाहनांवर एवढा भर असण्यामागे कारण आहे. १९९८ मध्ये ऊर्जा-बचत कायद्यात केलेल्या दुरुस्तीतून ‘टॉप रनर’ पद्धत आली. बाजारातील सर्वांत कार्यक्षम वाहनाला आधार मानून पुढील काही वर्षांत सर्व उत्पादकांनी सरासरीने तो स्तर गाठावा, अशी तिची रचना आहे. सध्याच्या नियमानुसार प्रवासी मोटारींनी २०३० पर्यंत लिटरमागे सरासरी २५.४ किलोमीटर धावले पाहिजे. २०१६ च्या प्रत्यक्ष कामगिरीपेक्षा ही ३२.४ टक्क्यांची सुधारणा आहे. येथे आकडा आहे, मुदत आहे आणि जबाबदार घटकही ठरलेला आहे.

मर्यादाही येथेच दिसतात. २०३५ पर्यंत विकली जाणारी प्रत्येक नवी प्रवासी मोटार ‘विद्युतीकृत’ असावी असे सरकारचे उद्दिष्ट आहे. परंतु या शब्दात पेट्रोलवर धावणाऱ्या हायब्रिड मोटारीही येतात. संपूर्णतः बॅटरीवर चालणाऱ्या मोटारींचा नव्या विक्रीतील वाटा अद्याप दोन टक्क्यांच्या आसपास रेंगाळतो आहे. एप्रिल २०२३ मध्ये साप्पोरो येथे जपानच्या अध्यक्षतेखाली झालेल्या जी-७ मंत्र्यांच्या बैठकीतही हाच सूर होता. शून्य-उत्सर्जन मोटारींच्या विक्रीचे बंधनकारक उद्दिष्ट तेथे ठरले नाही. रस्त्यावरील सर्व वाहनांचे उत्सर्जन २००० च्या तुलनेत २०३५ पर्यंत निम्मे करण्याची ‘संधी’ नोंदवण्यावर सहमती झाली.

आराखड्याबाहेरची व्यवस्था

जपानी शहरांतील वाहतूक तुलनेने स्वच्छ राहिली ती मुख्यतः अशा व्यवस्थांमुळे, ज्या हवामानाचा विचार मनात ठेवून घडलेल्याच नाहीत.

पहिली व्यवस्था पार्किंगची. १९६२ च्या कायद्यानुसार मोटार नोंदवण्यापूर्वी ती ठेवण्याची जागा रस्त्याबाहेर, घरापासून दोन किलोमीटरच्या आत असल्याचा पोलिसांचा दाखला घ्यावा लागतो. रात्रभर रस्त्यावर मोटार उभी करता येत नाही. त्यामुळे मोटार बाळगण्याचा खरा खर्च मालकाच्याच खिशातून जातो. दुसरी व्यवस्था प्रवासभत्त्याची. जपानमध्ये नोकरी करणाऱ्या वाचकांना ती परिचित आहे : बहुतेक नियोक्ते रेल्वे-बसच्या पासाचे पैसे देतात आणि ही रक्कम महिन्याला दीड लाख येनपर्यंत करमुक्त असते.

तिसरी व्यवस्था रेल्वे आणि घरबांधणी यांच्या सांगडीची. ओसाका परिसरात इचिझो कोबायाशी यांच्या रेल्वे कंपनीने १९१० पासून रुळांलगत घरे बांधून विकली. पुढे स्थानकावर मोठे दुकान उभारले. आजची हान्क्यू कंपनी ती हीच. लोक स्थानकाजवळ राहू लागले, आणि त्यांच्या खरेदीतून व भाड्यातून रेल्वेचाही खर्च निघू लागला. इतर खासगी रेल्वे कंपन्यांनीही हा मार्ग चोखाळला.

या तिन्ही गोष्टी उद्या ढिल्या पडल्या, तर हवामान आराखड्यातील एकही ओळ न बदलता उत्सर्जन वाढेल. आराखड्याची खरी उणीव ही आहे.

तोयामा आणि उत्सुनोमिया

ही उणीव भरून काढण्याची वाट दोन मध्यम शहरांनी दाखवली. जपानच्या समुद्राकाठचे तोयामा हे मोटारीवर विसंबलेले, पसरलेले आणि वृद्धांची संख्या वाढत चाललेले शहर. तेथील जुना, तोट्यातला रेल्वेमार्ग बंद न करता शहराने त्याचे आधुनिक ट्राममध्ये रूपांतर केले. ‘पोर्टराम’ एप्रिल २००६ मध्ये सुरू झाली. पूर्वी अर्ध्या तासाने किंवा तासाने येणारी गाडी आता पंधरा मिनिटांनी येऊ लागली आणि कामाच्या दिवशी प्रवासी जवळजवळ दुप्पट झाले. ६५ वर्षांवरील नागरिकांना शंभर येनमध्ये शहराच्या मध्यभागी येता येईल अशी सवलत दिली गेली. मार्च २०२० मध्ये स्थानकाखालून उत्तर आणि दक्षिणेकडील ट्राममार्ग जोडले गेले.

तोयामाने ठेवलेले उद्दिष्ट अधिक लक्षणीय आहे. सोयीस्कर सार्वजनिक वाहतुकीजवळ राहणाऱ्या नागरिकांचे प्रमाण २००५ मध्ये २८ टक्के होते. ते ४२ टक्क्यांवर नेण्याचे शहराने ठरवले. या उद्दिष्टात मोटारींच्या विक्रीचा उल्लेख नाही. माणसे कोठे राहतात आणि तेथून चालत गाडी गाठू शकतात का, एवढेच ते मोजते.

टोकियोच्या उत्तरेकडील उत्सुनोमिया येथे २६ ऑगस्ट २०२३ रोजी १४.६ किलोमीटर लांबीची नवी ट्राम धावू लागली. संपूर्णतः नव्याने बांधलेला असा मार्ग जपानमध्ये ७५ वर्षांनी सुरू झाला. तो रेल्वे स्थानकाला पूर्वेकडील औद्योगिक वसाहतींशी जोडतो आणि स्थानिक अक्षय ऊर्जेवर चालतो. या प्रकल्पावर अनेक वर्षे वाद झाला आणि खर्चही मूळ अंदाजापेक्षा वाढला. रूळ आणि स्थानके स्थानिक शासनाच्या मालकीची, तर गाड्या चालवण्याचे काम स्वतंत्र कंपनीकडे, ही विभागणी त्यामुळेच महत्त्वाची ठरली : पायाभूत खर्चाचे ओझे तिकिटावर पडले नाही. प्रवासीसंख्या अपेक्षेहून अधिक राहिली.

कच्चे दुवे

दुसरीकडे, ग्रामीण जपानमध्ये रूळ उखडले जात आहेत. होक्काइदोतील रुमोई मार्गाचा मोठा भाग मार्च २०२३ अखेर बंद झाला. उरलेला भागही मार्च २०२६ अखेर बंद करण्याचे ठरले. २०२२ मध्ये सरकारच्या तज्ज्ञ समितीने, सरासरी दैनिक प्रवासीघनता हजाराच्या खाली असलेल्या मार्गांच्या भवितव्याविषयी रेल्वे कंपन्या आणि स्थानिक शासन यांनी चर्चेला बसावे, असे सुचवले. पुढच्या वर्षी कायद्यात त्यासाठी तरतूद झाली. रिकाम्या गाड्या चालवण्यात पर्यावरणाचे हित नाही, हा युक्तिवाद खरा आहे. पण गाडी गेल्यावर शाळकरी मुले आणि वाहन न चालवू शकणारे वृद्ध कशाने प्रवास करतील, आणि त्यांच्यासाठी कुटुंबात आणखी एक मोटार आली तर तिचा हिशोब कोणत्या रकान्यात जाईल, याचे उत्तर हवामान आराखडा देत नाही.

इंधनाच्या बाबतीत तर दोन धोरणे परस्परांविरुद्ध चालताना दिसतात. पेट्रोलच्या वाढत्या किमतीचा चटका बसू नये म्हणून सरकारने जानेवारी २०२२ पासून इंधनावर अनुदान सुरू केले. सामान्य माणसाला त्याने दिलासा मिळाला. मात्र त्याच काळात मोटारीचा प्रवास कमी करण्याचे वचनही कायम होते.

मालवाहतुकीत परिस्थितीच्या रेट्याने बदल घडू पाहत आहे. एक टन माल एक किलोमीटर नेताना ट्रकमधून सुमारे २२५ ग्रॅम, जहाजातून ४१ आणि रेल्वेतून १८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, असे २०१९ चे सरकारी आकडे सांगतात. तरीही रेल्वेचा वाटा टन-किलोमीटरच्या हिशोबाने पाच टक्क्यांच्या आसपासच आहे. एप्रिल २०२४ पासून ट्रकचालकांच्या जादा कामावर वर्षाला ९६० तासांची मर्यादा आली आणि चालकांची टंचाई तीव्र झाली. त्याआधीच, ऑक्टोबर २०२३ मध्ये, सरकारने रेल्वे आणि किनारी जहाजांवरील मालवाहतूक सुमारे दहा वर्षांत दुप्पट करण्याचे ठरवले होते. कामगार-कायद्याने येथे हवामान-धोरणाला हात दिला.

बळकट वचन कसे ओळखावे

या अनुभवातून कोणत्याही देशाच्या आराखड्याला लावता येतील असे चार निकष हाती येतात.

पहिला : वाहनांबरोबर प्रवासही मोजला जातो का? मोटारींच्या विक्रीइतकाच रेल्वे, बस, सायकल आणि पायी प्रवासाचा वाटा आकड्यांत यावा.

दुसरा : वचनाला धनी आहे का? ‘टॉप रनर’मध्ये उत्पादक बांधील आहे. सार्वजनिक वाहतुकीच्या वचनात केंद्र, प्रांत, शहर आणि कंपनी यांपैकी कोण बांधील आहे, हे लिहिलेले असावे.

तिसरा : पैसा कायमचा आहे का? ट्राम बांधण्यास निधी मिळतो. ती पुढील तीस वर्षे दर पंधरा मिनिटांनी धावावी यासाठीची तरतूद अधिक कठीण असते.

चौथा : इतर कायदे त्याच दिशेने ओढतात का? पार्किंग, भत्ते, इंधनकर आणि घरबांधणीचे नियम विरुद्ध दिशेला असतील, तर आराखडा कागदावरच राहतो.

भारत आणि महाराष्ट्र

भारताने २०१५ च्या पहिल्या वचनपत्रात जमिनीवरील वाहतुकीतील रेल्वेचा वाटा ३६ वरून ४५ टक्क्यांवर नेण्याचा उल्लेख केला होता. ऑगस्ट २०२२ मध्ये अद्ययावत केलेल्या वचनात उत्सर्जन-तीव्रता ४५ टक्क्यांनी घटवणे आणि वीजनिर्मितीची ५० टक्के क्षमता बिगर-जीवाश्म स्रोतांतून उभारणे ही संख्यात्मक उद्दिष्टे आहेत. वाहतुकीसाठी स्वतंत्र आकडा नाही.

महाराष्ट्रात मात्र जपानी सहकार्य डोळ्यांना दिसते. मुंबई–अहमदाबाद या ५०८ किलोमीटरच्या वेगवान रेल्वेला जपानचे ०.१ टक्के व्याजाचे, पन्नास वर्षे मुदतीचे कर्ज आहे. कुलाबा ते सीप्झ ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रोही जपानी कर्जाच्या साहाय्याने बांधली गेली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण मार्गावर सुरू झाली. त्याच मुंबईत एकेकाळी चार हजारांहून अधिक असलेल्या बेस्टच्या बसगाड्या घटत गेल्या. मेट्रो स्थानकातून बाहेर पडल्यावर पुढची बस आणि चालण्याजोगा पदपथ मिळाला नाही, तर प्रवासी पुन्हा दुचाकीकडे किंवा मोटारीकडे वळतो.

जपानकडून गाड्या, बोगदे आणि कर्ज घेणे तुलनेने सोपे आहे. मोटार घेण्याआधी तिच्या जागेचा दाखला मागणारा कायदा आणि किती नागरिक गाडीपर्यंत चालत जाऊ शकतात हे दरवर्षी मोजणारी नगरपालिका, या गोष्टी कोणत्याही कर्जातून मिळत नाहीत. त्या आपल्याच कायद्यांत आणि अंदाजपत्रकांत लिहाव्या लागतात. परदेशात नियोजन, अभियांत्रिकी आणि वित्त क्षेत्रांत काम करणाऱ्या मराठी मंडळींनी मायदेशी सल्ला देताना ही बाजू आग्रहाने मांडली, तर तिचा उपयोग पुढच्या वचनपत्राला होईल.