हाफकिन यांची लस : उंधेरा आणि मुल्कोवाल

प्लेगच्या लशीचा इतिहास सांगताना आरंभ बहुधा १० जानेवारी १८९७ पासून केला जातो. त्या दिवशी वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील प्रयोगशाळेत सिद्ध झालेली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. प्रसंग खरा आणि नाट्यपूर्ण आहे. परंतु हाफकिन यांच्या संशोधनाचे मूळ त्याहून मागे शोधावे लागते. ओडेसा येथे १८६० मध्ये जन्मलेले हाफकिन हे मेच्निकोव्ह यांचे शिष्य व मूळचे प्राणिशास्त्रज्ञ. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत असताना, १८९० मध्ये, त्यांनी पॅरामेशियम या एकपेशीय जीवास जडणाऱ्या परोपजीवी जंतूंचे वर्णन प्रसिद्ध केले. जंतू आणि त्याचा आश्रयदाता यांच्या संबंधाचा प्रश्न त्यांनी मानवी रोगांपूर्वीच, अशा सूक्ष्म जीवांत, हाती घेतला होता. पुढे १८९२ मध्ये पटकीची लस आणि १८९३ मध्ये हिंदुस्थानात आगमन.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियु व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय वैद्याने मांडवी भागातील रोग प्लेग असल्याचे ओळखले, आणि लवकरच हाफकिन मुंबईस आले. त्यांची कृती पाहण्याजोगी आहे. बोकडाच्या मांसाच्या अर्कात जंतू वाढवावयाचे आणि अर्कावर तुपाचे थेंब सोडावयाचे. त्या थेंबांच्या आधाराने जंतूंच्या वसाहती गुहेच्या छतास लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांसारख्या खाली उतरत. कुपी हलविली की त्या तुटून तळाशी जात आणि वर पुन्हा नव्या वाढत. शेवटी उष्णतेने जंतू मारून कार्बोलिक आम्ल घालीत. घरोघरी असणारे तूप प्रयोगशाळेत अशा कामी यावे, ही गोष्ट इतिहासकाराने वगळू नये.

भायखळ्याच्या तुरुंगात रोग शिरला तेव्हा स्वेच्छेने टोचून घेणाऱ्या कैद्यांपैकी दोघे आजारी पडले, पण कोणी दगावला नाही; न टोचलेल्यांत बारा आजारी पडले व सहा मेले. परंतु माझ्या मते खरा पुरावा बडोद्याजवळील उंधेरा गावाचा होय. तेथे १८९८ मध्ये प्रत्येक कुटुंबातील काहींस लस दिली व काहींस दिली नाही. एकच छप्पर, एकच अन्न, एकच संसर्ग. रोग शिरलेल्या २८ कुटुंबांत टोचलेल्या ७१ जणांपैकी आठ आजारी झाले व तीन मेले. न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी झाले व २६ मेले. लस अभेद्य कवच नव्हती, हेही याच आकड्यांतून दिसते. तुलनेचे दोन्ही गट एकाच घरात ठेवण्याची ही योजना औषधापेक्षाही महत्त्वाची, असे म्हणण्याचा मोह होतो.

येथे शब्दाविषयी थोडे. ‘लस’ म्हणजे जखमेतून पाझरणारा द्रव. देवीच्या फोडातील द्रवावरून तो प्रतिबंधक द्रव्यास लागला असावा. प्लेगच्या काळात या शब्दाने फोडाचा संबंध सोडला आणि मेलेल्या जंतूंच्या कुपीतील अर्कासही तो चालू लागला. नव्या कल्पनेसाठी भाषेने नवे नाव घडविले नाही. जुन्याचाच अर्थ विस्तारला.

परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ मध्ये प्रयोगशाळा हलली. मग ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल येथे १०७ जणांस लस टोचण्यात आली, आणि ‘५३-एन’ या एकाच कुपीतील लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने मृत्यू पावले. मागणी फार वाढल्याने हाफकिन यांनी कार्बोलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली होती; चौकशीत दोष प्रयोगशाळेवर आला व त्यांस पद सोडावे लागले. वस्तुतः धनुर्वाताचे जंतू मुंबईतच कुपीत शिरले असते, तर उघडते वेळी तिला दुर्गंध यावयास हवा होता, आणि तो नव्हता. कुपीचे बूच काढताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही गोष्टही साक्षीत होती. दोन्ही बाबी कागदोपत्री असूनही निर्णय विरुद्ध गेला. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस प्रभृती दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून आरोप असिद्ध असल्याचे दाखविले. हाफकिन त्याच वर्षी कलकत्त्यास रुजू झाले. परळला मात्र ते संचालक म्हणून परतले नाहीत. त्या संस्थेस त्यांचे नाव १९२५ मध्ये देण्यात आले, तेव्हा ते हयात होते.