एकट्याचे साल आणि दहाजणींचा भाव

गुढीपाडवा जवळ आला की वऱ्हाडातल्या खेड्यांत सालाची बोलणी व्हायची. धनी ओसरीवर, सालदार पायरीशी. ज्वारी किती, रोख किती, उचल किती, हे त्या दोघांतच ठरायचे. शेजारच्या सालदाराला काय मिळाले हे काढलेले धन्याला रुचत नसे. “त्याचं त्याच्यापाशी, तुहं तू सांग.” उचल आधीच अंगावर असली म्हणजे सालदाराचा आवाज आणखी खाली येई.

आता वेचणी पाहा. सीतादही झाले की बायांचे घोळके वावरात उतरतात. बोंड फुटल्यावर कापूस कुणासाठी थांबत नाही; अवकाळी पाऊस आला की त्याची कवडी होते. हे धन्याला ठाऊक आणि बायांनाही ठाऊक. म्हणून घोळक्यातली एखादी जाणती बाई भाव सांगते नि बाकीच्या गप्प उभ्या राहतात. त्या गप्प राहण्यातच सारे बोलणे येते. सामुदायिक वाटाघाट म्हणतात ती हीच. नाव तेवढे शहरी.

वावरातला कापूस गाडीत बसून जिनात गेला की मात्र चित्र पालटे. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, विलायतेतल्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. त्याच सुमारास आगगाडीही आली. पुढे अकोला, अमरावती, खामगाव येथे जिन आणि प्रेस इतके उभे राहिले की सगळ्यांना पुरेल एवढा कापूस येईना. मग मालकांनी काय करावे? ते एकत्र बसले. सरकी काढण्याचा दर सर्वांनी मिळून एकच ठरवायचा, काही कारखाने चालवायचे, काही बंद ठेवायचे, आणि मिळकत ठरल्या हिश्श्याने वाटून घ्यायची. याला ते ‘पूल’ म्हणत. बंद कारखान्याचा मालकसुद्धा घरबसल्या हिस्सा नेई! बाजारात हे शहाणपण ठरले. बंद जिनात रेच्यावर कापूस घालणाऱ्या बाईला मात्र हिस्सा नव्हता. आणि चालू जिनातल्या मजुरांनी मिळून दोन पैसे जास्त मागितले, तर ती फितुरी व्हायची. शिक्षकमित्रांनी मुलांपुढे हा हिशेब जरूर मांडावा.

मजूर एक का झाले नाहीत, असे तुम्ही विचाराल. हंगाम चार महिन्यांचा. माणसे वेगवेगळ्या गावांची, मुकादमाने आणलेली. मालकाचे तोंड दिसायचे नाही आणि मुकादम रागावला तर पुढल्या साली बोलावणे नाही. कायद्याचाही आधार उशिरा आला. 1881 च्या कारखाना कायद्याने चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने वगळले होते. ते कक्षेत आले 1911 साली. मजुरांच्या संघटनेला कायद्याचे संरक्षण 1926 मध्ये मिळाले, तेही मद्रासच्या बकिंगहॅम गिरणीच्या तंट्यात संघटनेच्या पुढाऱ्यांवर हायकोर्टाची मनाई आल्यानंतर. मध्यप्रांत-वऱ्हाडचा औद्योगिक तंट्यांचा कायदा 1947 चा. त्याचा उपयोग अकोल्याच्या सावतराम मिलसारख्या बारमाही गिरणीतल्या कामगाराला. वावरातल्या मजुराला नाही. त्याच्यासाठी 1948 चा किमान वेतन कायदा झाला खरा. पण सरकारने ठरवलेला दर मागायला एकटा माणूस धन्याच्या ओसरीवर जाणार कसा?

धन्याचीही बाजू ऐकली पाहिजे. चार-पाच एकरांचा कास्तकार म्हणजे कुणी जिनमालक नव्हे. पाऊस त्याच्या हाती नाही, कापसाचा भाव त्याहून नाही. “मले परवडत नाई” हे तो पुष्कळदा खरेच सांगतो. पण मोंढ्यात व्यापाऱ्यांनी भाव पाडला की हाच कास्तकार चार गावचे लोक जमवून योग्य भाव मागतो, आणि त्यात त्याला काही वावगे वाटत नाही. सांजेला घरी आल्यावर मात्र वेचणाऱ्या बायांना म्हणतो, “एकेक जण या, मंग बोलू.”

रोजगार हमीचा कायदा 1979 पासून अमलात आला. सरकारी कामाचा एक दर गावात कळू लागला आणि मजुराला धन्याशी बोलताना दुसरे दार दिसू लागले. आता वेचणीच्या दिवसांत माणूस मिळणे कठीण झाले आहे. घोळक्यातल्या जाणत्या बाईला आदल्या रात्री फोन जातो. ती आधी किलोमागे भाव विचारते, मग ऑटो कोण पाठवणार ते विचारते, आणि “बायांले विचारून सांगतो” म्हणून फोन ठेवते.