दुधाळ लघवीतून लागलेला शोध

पालघर हा महाराष्ट्रातील हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांपैकी एक. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर या रोगासाठी रक्त तपासायचे तर ते रात्री घ्यावे लागते. दिवसा का चालत नाही? पाय सुजलेला नसताना गोळ्या कशाला? या प्रश्नांची उत्तरे दीडशे वर्षांच्या इतिहासात आहेत.

हा इतिहास पायापासून नव्हे, लघवीपासून सुरू होतो. १८६६ साली ब्राझीलमधील बाहिया येथे ओटो वुखरर यांना दुधासारख्या लघवीत सूक्ष्म कृमी दिसले. १८७० साली कलकत्त्यात टिमथी लुईस या लष्करी डॉक्टरांनाही तसेच आढळले. दोष मूत्रपिंडाचा असावा, असे वाटणे साहजिक होते. पण १८७२ मध्ये लुईस यांना तेच कृमी रक्तात दिसले. लघवी ही केवळ बाहेर पडण्याची वाट होती. १८७६ मध्ये ऑस्ट्रेलियात जोसेफ बॅन्क्रॉफ्ट यांना प्रौढ कृमी सापडला. हे प्रौढ कृमी लसीकावाहिन्यांत राहतात. आतड्यात शोषलेली चरबी याच वाहिन्यांतून जाते. तुंबलेली वाहिनी मूत्रमार्गात फुटली की ती चरबी लघवीत उतरते आणि लघवी पांढरी होते.

१८७७ मध्ये चीनमध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी कृमींची वाढ डासात होते हे दाखवले. रक्तात त्यांची पिल्ले रात्री दाटतात, हेही त्यांनीच पाहिले. रात्री चावणाऱ्या डासाच्या वेळेशी हे जुळते. मात्र मेलेले डास पडलेल्या पाण्यातून रोग होतो, असा त्यांचा समज होता. तो डासाच्या चावण्यातून होतो, हे १९०० साली कळले.

पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून कृमीच्याच शरीरात जीवाणू दिसले. १९९०च्या दशकात त्यांची ओळख वोल्बाकिया म्हणून पटली. डॉक्सिसायक्लिनने हे जीवाणू मेले की कृमी वांझ होतो व हळूहळू मरतो. पण हे औषध कित्येक आठवडे घ्यावे लागते, शिवाय गर्भवतींना व लहान मुलांना ते देत नाहीत. गावभर वाटण्याजोगे ते नव्हे.

म्हणून मोहिमेची भिस्त डीईसी आणि अल्बेंडाझोलवर आहे. या गोळ्या मुख्यतः रक्तातील पिल्ले मारतात. प्रौढ कृमी मात्र काही वर्षे जगतो व पुन्हा पिल्ले सोडतो. म्हणून मात्रा दरवर्षी घ्यावी लागते. धडधाकट दिसणाऱ्याच्या रक्तातही पिल्ले असू शकतात आणि डास ती शेजाऱ्याच्या घरी नेतो. दोन वर्षांखालील मुले, गर्भवती व गंभीर आजारी यांना वगळून बाकी सर्वांनी गोळ्या का घ्यायच्या, हे वर्गात नीट सांगितले तर ते घराघरांत पोचेल.